५४ मिमी लाँगस्ट्रीट, अपडेट ४ : उजवा हात कापला, गेटिसबर्ग सोडून न्यू ऑर्लिन्सला आलो

मंडळी, दीड महिना काही टाकलं नाही कारण आधी पावसाने घोळ घातला आणि नंतर मीच अडकून बसलो की हा माणूस, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) बाजूचा जनरल लाँगस्ट्रीट, ५४ मिमीच्या पुतळ्यात नेमका कुठल्या दिवशीचा दाखवायचा. आता ठरलंय, कामही बरंच पुढे गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पावसाचं. जुलैत मॅट वार्निश स्प्रे केलं आणि दहा मिनिटांत घोड्याच्या पाठीवर पांढरं धुकं आलं. हवेतली ओल मस्त बसली होती आत. घाबरून खरवडायला जाऊ नका, मी दोन दिवस थांबलो, ऊन पडल्यावर ब्रशने ग्लॉसचा एक पातळ हात मारला आणि जवळजवळ सगळं धुकं गेलं. आता ऑक्टोबरपर्यंत स्प्रे बंद, मॅटसुद्धा ब्रशनेच.

किट व्हाइट मेटलचं (कथलाचा मऊ मिश्रधातू) आहे, घोड्यावर बसलेला जेम्स लाँगस्ट्रीट, १८६३ ची गेटिसबर्गची लढाई, करडा कोट, उजव्या हातात दुर्बीण. सगळे त्याला असाच करतात. कुंपणावर बसलेला नाहीतर घोड्यावरून हाताखालच्या जनरल पिकेटचे लोक पुढे जाताना बघणारा. ३ जुलैला साधारण साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून पाऊण मैल चालत गेली आणि निम्म्याहून जास्त मेली, जखमी झाली नाहीतर पकडली गेली. लाँगस्ट्रीटने आपल्या वरिष्ठ सेनापतीला, लीला, आधीच सांगितलं होतं की हे जमणार नाही, आणि हुकूम द्यायची वेळ आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना म्हणून नुसती मान हलवली. सीन जबरदस्त आहे हे मलाही मान्य. मीसुद्धा किट तेवढ्यासाठीच घेतलं होतं.

पण गेले तीन महिने जसजसं त्याच्याबद्दल वाचत गेलो तसतसं मला पटत गेलं की गेटिसबर्गच्या पराभवाचं खापर फोडून त्याच्यावर जो राग काढला गेला त्याचं खरं कारण गेटिसबर्ग नव्हतंच. कारण १८६७ चं आहे. म्हणून मी त्याला १४ सप्टेंबर १८७४ चा करतोय, न्यू ऑर्लिन्सची कॅनाल स्ट्रीट, वय ५३.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८२१, साउथ कॅरोलिना, पुढे जॉर्जियात काकांकडे वाढला, गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या शेतीच्या घरात. वेस्ट पॉइंटला ५६ जणांत ५४ वा आला. तिथेच ग्रँटशी (पुढे उत्तरेचा सेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष) दोस्ती जमली, ग्रँटची बायको ज्युलिया त्याच्या नात्यातली. १८४७ ला मेक्सिकोत चापुल्तेपेकच्या चढाईत झेंडा घेऊन पळताना मांडीत गोळी लागली तेव्हा झेंडा त्याने पिकेटच्या हातात दिला, हो, तोच पिकेट. १८६२ च्या थंडीत रिचमंडला स्कार्लेट फीव्हरने एका आठवड्यात लाँगस्ट्रीटची तीन मुलं गेली. त्याच वर्षी अँटिटमच्या लढाईनंतर ली त्याला आपला जुना युद्धाचा घोडा म्हणाला, डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला दगडी भिंतीमागून त्याच्या लोकांनी एकामागून एक हल्ले परतवले. पुढच्या वर्षी चिकामॉगाला शत्रूच्या फळीत पडलेल्या भगदाडातून थेट घुसला. नॉक्सव्हिलला मात्र सपशेल फसला, तेही सांगायला हवं.

आणि ६ मे १८६४, वाइल्डरनेसची लढाई. आपल्याच माणसांची गोळी गळ्यातून आणि उजव्या खांद्यातून गेली. जगला, पण आवाज कायमचा घोगरा झाला आणि उजवा हात लुळा पडला, लिहायलासुद्धा डाव्या हाताने शिकला. आता हे मॉडेलच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, कारण १८७४ चा लाँगस्ट्रीट उजव्या हातात काहीही उंच धरू शकत नाही. तलवार नाही, दुर्बीण नाही. त्यामुळे करवतीने उजवा हात खांद्यातून कापला, पिन वाइसने (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) भोक पाडून पितळी तार घातली आणि दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीने नवीन हात केला, कोपरात किंचित वाकलेला, पोटाजवळ टेकवलेला. पहिला प्रयत्न फेकला, झोळीत घातल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या वेळी खांदाच जरा खाली उतरवला आणि एकदम जमलं. लगाम डाव्या हातात.

उंची पण बघा, माणूस सहा फूट दोन इंच होता म्हणजे १/३२ च्या प्रमाणात जवळजवळ ५९ मिमी, किटमधला तेवढा नाही, मग कमरेत कापून दोन मिमीची पट्टी घातली आणि जोड कोटाखाली लपवला. कोट साधा काळा, सोनेरी वेलबुट्टी सगळी घासून काढली.  दाढी राखाडी ठेवलीय, बेस तपकिरी आणि वर तीन वेळा ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग), शुद्ध पांढरा फक्त कानाजवळ.

आता १८६७. युद्धानंतर तो न्यू ऑर्लिन्सला कापसाची दलाली करायला बसला. (इथे थांबून आपलं सांगतो, त्याच्या थोडं आधी १८६५ ला ते युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईत प्रेमचंद रायचंदसकट किती पेढ्या बुडाल्या, बॅकबेची कंपनी बुडाली. लाँगस्ट्रीट ज्या बाजूने लढत होता त्या बाजूची बंदरं बंद झाल्यामुळेच आपल्याकडे चार वर्षं पैशाचा पूर आला होता.) तर तिथे त्याने पेपरात पत्रं छापली की आपण हरलोय, जिंकणाऱ्याच्या अटी मान्य करा, काळ्यांना मताचा हक्क मिळालाय तो मिळालाय. पुढे ग्रँटला पाठिंबा दिला, १८६९ ला ग्रँटने त्याला बंदराच्या कस्टम्समध्ये पद दिलं. दक्षिणेत लोकांनी त्याला गद्दार ठरवलं, धंदा बसला.

मी त्याला संत करत नाहीये. त्याच पत्रांमध्ये त्याचा हिशोब असाही होता की काळ्यांच्या मतावर आपला, म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्यांचा, प्रभाव राहावा म्हणजे ते आपल्याविरुद्ध जाणार नाही. आणि १८६३ ला पेनसिल्व्हेनियात लीच्या फौजेने काळ्या माणसांना पकडून दक्षिणेला नेलं, त्याबद्दलचा आदेश त्याच्या हेडक्वार्टरमधून पिकेटला गेला होता. हे वाचल्यावर मी आठवडाभर ब्रश हातात घेतला नाही.

पण १८७४ ला तो कुठे उभा होता ते बघा. व्हाइट लीग या गोऱ्यांच्या संघटनेचे हजारो हत्यारबंद लोक लुइझियाना राज्याचं निवडून आलेलं सरकार पाडायला निघाले आणि त्यांच्यासमोर गोऱ्या-काळ्यांचे मिळून असलेले पोलीस आणि बहुतेक काळ्यांची मिलिशिया (राज्याची नागरी फौज) घेऊन हा माजी कॉन्फेडरेट जनरल. समोरच्यांत त्याच्याच बाजूने लढलेले कितीतरी. घोड्यावरून पुढे गेला, खाली ओढला गेला, जोर संपलेली गोळी लागली, कैद झाला. तीन दिवसांनी ग्रँटच्या फौजेमुळे सरकार परत बसलं. पुढे १८९१ ला त्या शहराने व्हाइट लीगच्या नावाने स्तंभ उभारला, तो काढायला २०१७ उजाडलं.

गेटिसबर्गचा आरोप कधी आला ते तारखा लावून बघा. ली १८७० ला वारला. जानेवारी १८७२ ला लीच्या हाताखालचा जुना जनरल जुबल अर्ली याने भाषणात लाँगस्ट्रीटवर दोष टाकला, १८७३ ला दुसरा तसाच जनरल पेंडलटन म्हणाला की लीने २ जुलैला पहाटे हल्ल्याचा हुकूम दिला होता आणि लाँगस्ट्रीटने दिवस वाया घालवला. लीच्या स्टाफमधल्याच अधिकाऱ्यांनी लिहून दिलं की असा हुकूम आम्हाला माहीत नाही. तो दुपारी चारला हल्ला चढवू शकला आणि त्यात तो रेंगाळला हे मी मानतो, फौजेला वाटेतून उलटं फिरून यावं लागलं तेही आहेच, पण सगळ्या हरलेल्या युद्धाचं खापर एका माणसावर? त्याने स्वतःही चूक केली, लीवर इतकं कडवट लिहिलं की जे बाजूने होते तेही दुरावले.

लीचा रिचमंडमधला पुतळा १८९० ला उभा राहिला आणि २०२१ ला उतरवला. गेटिसबर्गच्या रणांगणावर लाँगस्ट्रीटचा पुतळाच मुळी १९९८ ला आला, तोही चौथऱ्याशिवाय, जमिनीवर.

शेजारी एक काळा मिलिशियावाला उभा करतोय, सुट्या भागांच्या डब्यातून जमवलेला, गडद निळा कोट. त्याच्या त्वचेसाठी टिप: बेस चॉकलेट ब्राउनमध्ये थोडा लाल, सावलीला निळ्याचा थेंब, आणि हायलाइटला पांढरा अजिबात टाकू नका, राख फासल्यासारखं होतं, ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित केशरी घ्या. हा चेहरा मी लाँगस्ट्रीटच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ घेऊन केला, त्याचे डोळे चार वेळा पुसले. तो वर जनरलकडे नाही, समोर रस्त्याकडे बघतोय.

राहिलंय ते बेस. एमडीएफवर प्लास्टर ओतून दगडी रस्ता कोरलाय, ट्रामचे रूळ तारेचे, घोड्याचे पुढचे दोन पाय अजून चिकटवलेले नाहीत कारण रूळ ओलांडताना दाखवायचा की अलीकडे थांबलेला हे ठरत नाहीये. कुणी ५४ मिमीच्या घोड्याचा एक पाय उचलून वाकवलाय का, व्हाइट मेटल गरम पाण्यात धरून वाकवू की कापून पिन घालू? रविवारी तेच काम घेणार आहे.