दूध का आलं नाही, ते सहा वर्षांनी कळलं

डिलिव्हरी नॉर्मल झाली, पण वार अडकली आणि रक्त थांबेचना. बीपी लागत नव्हतं म्हणे. चार पिशव्या रक्त चढवलं. वाचले, म्हणून घरच्यांनी देवाला हात जोडले आणि विषय तिथंच मिटला.

दूध मात्र थेंबभरही आलं नाही. आईनं अळिवाची खीर केली, सासूबाईंनी शतावरी आणली, शेजारच्या काकूंनी ‘नीट पाजलंच नसेल’ असंही ऐकवलं. मुळात छाती कधी भरूनच आली नव्हती, हे काकूंना काय सांगणार? पाळीही परत आली नाही. पाजतेय म्हणून आली नसेल, असं म्हणायचीही सोय नव्हती. पोरगी डब्याच्या दुधावर होती.

मग मे महिन्यात स्वेटर. कपडे वाळत घातले की धाप लागून बसायचं. काखेतले केस गेले, त्याचं तर मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू! थायरॉइड म्हणून फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, तपासलं. नॉर्मल. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, एकदा डिप्रेशनच्याही गोळ्या झाल्या.

सहाव्या वर्षी साध्या जुलाब-उलट्यांत शुद्ध हरपली. रक्तातलं सोडियम 114, धोकादायक कमी. तिथल्या फिजिशियननी फाइल मिटून विचारलं, “ताई, बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? दूध आलं होतं?” हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी आठचं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं हार्मोन) तळाला, फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कमी, एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची जागा जवळजवळ रिकामी. शीहान सिंड्रोम. ग्लासगोत काम करणाऱ्या डॉ. शीहान यांनी 1937 मध्येच लिहून ठेवलेला! गरोदरपणात पिट्युटरी वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं तोकडा पडतो. रक्तस्रावात दाब कोसळला की ती मरू शकते. दूध आणणारं हार्मोन तीच बनवते, टीएसएचही तीच. म्हणून थायरॉइड सुस्त असूनही तो आकडा वाढत नाही, नॉर्मल दिसू शकतो.

आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई), मगच थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी). उलटं केलं तर जिवावर बेतू शकतं. आता हायड्रोकॉर्टिसोन सकाळी 10 मिलिग्रॅम, दुपारी 5, ताप आला की दुप्पट. उलटीत गोळी पडली तर थेट इंजेक्शन. पर्समध्ये तशी चिठ्ठीच असते.

दवाखान्यात सलाइनमधून औषध सुरू झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मला कडकडून भूक लागली. डब्यातली दुसरी भाकरी वाढताना सासूबाई नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.