गिझर थंड पडण्याआधी तो जास्त तापत होता

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या गिझरमधून बादलीभर थंडगार पाणी आले. गिझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा, भिंतीवरचा साधा स्टोरेज प्रकारचा. बटण चालू होते आणि लाल दिवाही लागलेला होता, त्यामुळे घरात सर्वांनी एकमताने कॉइल जळाल्याचे जाहीर केले. मला ते पटले नाही, कारण लाल दिव्याशेजारचा पिवळा दिवा विझलेला होता. आमच्या गिझरमध्ये लाल दिवा फक्त वीज आत पोहोचल्याचे सांगतो. पिवळा दिवा थर्मोस्टॅट (पाणी हवे तेवढे तापले की वीज बंद करणारा भाग) आणि कटआउट (वीज तोडणारी सुरक्षा कळ) यांच्या पुढे, कॉइलला समांतर जोडलेला आहे. कॉइल तुटली असती, तर पिवळा दिवा लागूनही पाणी थंडच राहिले असते. येथे वीज कॉइलपर्यंत पोहोचतच नव्हती, म्हणजे दोष आधीच्या दोघांपैकी एकाचा.

नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बोर्डावरचे साधे बटण एकच तार तोडते आणि ती फेजचीच असेल याची खात्री प्रत्येक घरात देता येत नाही. म्हणून प्लग सॉकेटमधून काढून बाजूला ठेवला आणि मगच खालचे झाकण उघडले. कटआउटचे बारीक बटण वर आले होते. ते दाबताच टक् असा आवाज झाला, प्लग लावल्यावर पिवळा दिवा लागला आणि पाणी तापले. माझे घरात कौतुक झाले. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा थंड.

तेव्हा लक्षात आले की मी निरोप्याला जागे केले होते, निरोप ऐकलाच नव्हता. ठरावीक तापमानाच्या वर पाणी गेले की कटआउट वीज तोडतो. म्हणजे गिझर थंड पडण्याआधी तो अति तापलेला असणार. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, महिनाभर सांगतेय, कधी कोमट येतं, कधी नुसता चटका बसतो." आमच्याकडे वीज वाचवण्यासाठी वीस मिनिटांनी बटण बंद करण्याची शिस्त आहे. हिशेब केला तर 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत न्यायला 2000 वॅटच्या कॉइलला साधारण 21 मिनिटे लागतात, म्हणजे थर्मोस्टॅटचे काम इतके दिवस आम्हीच करत होतो आणि तो बिघडला आहे हे कळायला मार्गच नव्हता. ज्या दिवशी बटण बंद करायचे कोणी विसरले, त्या दिवशी कटआउट उडाला.

खात्री करण्यासाठी कटआउट पुन्हा दाबून गिझर अर्धा तास तापवला, प्लग काढला आणि थर्मोस्टॅटची चकती सर्वांत कमी तापमानावर फिरवली. गरम पाण्यात असे केल्यावर आतला संपर्क तुटून टक् असे वाजायला हवे. काहीच वाजले नाही. त्याची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावला, तर संपर्क जुळलेलाच दाखवत होता. त्यातली टोके एकमेकांना चिकटून बसली होती. हाताशी मीटर होताच, म्हणून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून तीही मोजली: 27 ओहम. 230 व्होल्टवर 2000 वॅटच्या कॉइलचा रोध साडेसव्वीसच्या आसपास येतो, तेव्हा जळाल्याचे जाहीर झालेली कॉइल ठणठणीत होती. कॉइलचे टोक आणि टाकीचा धातू यांच्यामध्ये मीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे वीज टाकीत उतरत नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे.

दरम्यान सोसायटीत आलेल्या एका वायरमनने सुचवले, "साहेब, कटआउट डायरेक्ट करून देतो, पुन्हा कटकट नको." हा उपाय किती घरांत झाला असेल या विचाराने मला खरोखर धास्ती वाटली. थर्मोस्टॅट चिकटलेला असताना कटआउट काढून टाकला, तर पाणी उकळून टाकीतला दाब वाढत राहतो आणि सगळी भिस्त एका सेफ्टी व्हॉल्व्हवर उरते, जो आमच्यासारख्या बोअरच्या जड पाण्यात क्षार साचून जाम झालेला असू शकतो. मी त्यांना नको म्हटले.

थर्मोस्टॅट बदलणे त्या मानाने किरकोळ काम निघाले. त्याची कांडी कॉइलच्या चकतीवरच्या कोरड्या नळीत बसते, त्यामुळे टाकी रिकामी करावी लागत नाही. वायरी कुठे होत्या याचा आधी फोटो काढला, जुना भाग दुकानात नेऊन त्याच लांबीच्या कांडीचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा आणला आणि स्क्रू घट्ट आवळले. तेथे ढिलेपणा राहिला तर वायरीचे टोक काळे पडून वितळते. त्या संध्याकाळी मुद्दाम कोणालाही बटण बंद करू दिले नाही. तेविसाव्या मिनिटाला टक् वाजले आणि पिवळा दिवा आपोआप विझला.

कॉइलवरचा क्षारांचा थर आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड मात्र अजून पाहायचा आहे. त्यासाठी टाकी उपसावी लागेल आणि नवे गॅस्केट लागेल, म्हणून ते काम पुढच्या रविवारवर ढकलले आहे.