बाबल्सबेर्गच्या ‘कार्ली’त एक हंगाम

बर्लिनहून एस-७ ची लोकल धरायची, ग्रूनेवाल्डचं जंगल आणि वानझेचा तलाव मागे टाकायचा आणि पॉट्सडाम शहरातल्या बाबल्सबेर्गला उतरायचं, टुर्बिने पॉट्सडाम या महिला फुटबॉल संघाच्या मॅचेस बघायला. २०२४ च्या सप्टेंबरपासून २०२५ च्या मेपर्यंत माझ्या कितीतरी सुट्ट्या याच वाटेवर गेल्या. स्टेशनपासून मैदान चालत दहा-पंधरा मिनिटांवर. या वस्तीचं जुनं नाव नोवावेस. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७५१ मध्ये बोहेमियातले विणकर आणून ती वसवली. त्यांची बसकी, जोडघरं अजून रस्त्याकडेला उभी आहेत.

कार्ल लिबक्नेश्ट स्टेडियमला इथले लोक लाडाने ‘कार्ली’ म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा एका दिव्याच्या खांबापाशी थबकलेच. पायथ्याला माझ्या मांडीएवढी जाड लोखंडी बिजागरी. इतक्या उंच खांबाला बिजागरी कशाला? पलीकडे बाबल्सबेर्गचा राजवाडा आणि बाग आहे, जागतिक वारशाच्या यादीतली. तिथून दिसणाऱ्या देखाव्यात खांब आड येऊ नयेत म्हणून काम नसताना ते आडवे करून ठेवता येतात. मॅच असली की उभे. मी खालून वर आणि वरून खाली ती बिजागरी कितीदा तरी पाहिली.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत मोठी झाले. तिथं टीम म्हणजे पेठ. हरली तर घरात जेवण जात नाही. पण त्या गर्दीत आम्ही मुली मोजक्याच, आणि मैदानात तर एकही नाही. त्यामुळे कार्लीच्या उभ्या स्टँडमध्ये निळ्या-पांढऱ्या मफलरी घातलेली म्हातारी माणसं अकरा पोरींसाठी घसा फोडताना दिसली, तेव्हा माझाच घसा दाटून आला.

टुर्बिने पॉट्सडाम. टुर्बिने म्हणजे आपलं टर्बाइनच. पूर्व जर्मनीत हा संघ वीज खात्याच्या कारखान्याचा होता, म्हणून हे नाव. महिलांचा फुटबॉल संघ काढतोय, नावं द्या, अशी एक चिठ्ठी सूचनाफलकावर लागली आणि ३ मार्च १९७१ ला संघ उभा राहिला. बेर्न्ड श्र्योडर यांनी तो घडवला आणि मधला थोडा काळ सोडला तर २०१६ पर्यंत तेच प्रशिक्षक होते. त्या वेळी पलीकडे पश्चिम जर्मनीत काय चाललं होतं? तिथल्या फुटबॉल महासंघाने १९५५ मध्ये क्लबांना बायकांचा फुटबॉल चालवायला बंदीच घातली होती, ती उठली १९७० च्या ऑक्टोबरात. पूर्वेत बंदी नव्हती, पण पैसाही नव्हता. सरकार पैसा ओतायचं ऑलिंपिकच्या खेळांवर, आणि महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९९६ ला.

स्टँडमध्ये माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई उभ्या असायच्या. थर्मासमधली कॉफी स्वतः पिण्याआधी मला द्यायच्या. तिसऱ्या मॅचला म्हणाल्या, “आता मला ‘तू’ म्हण.” जर्मनांकडून हे ऐकायला वर्षं लागतात. माझ्या जिभेवर मात्र त्या वयाच्या बाईंना ‘तू’ येईना. त्यांनीच मला दाखवलं, इथंच, याच गवतावर, ९ मे १९९० ला पूर्व जर्मनीच्या महिला राष्ट्रीय संघाची मॅच झाली. चेकोस्लोव्हाकियाकडून ०-३ अशी हार. तीच पहिली आणि तीच शेवटची, कारण काही महिन्यांत तो देशच उरला नाही. “मी होते,” त्या म्हणाल्या, आणि बोटाने गोलपोस्टकडे दाखवत राहिल्या.

त्यानंतर टुर्बिनेने एकत्र जर्मनीत सहा वेळा बुंडेसलीगा, म्हणजे तिथली पहिली लीग, जिंकली, त्यातल्या चार २००९ ते २०१२ अशा सलग. २०१० मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला फ्रान्सच्या लियोंला पेनल्टीवर ७-६ असं हरवलं.

आणि मी पाहिलेला हंगाम? लीगमध्ये एकही विजय नाही. एकही. लीगमध्ये बारा संघ, प्रत्येकाच्या बावीस मॅचेस, आणि टुर्बिने तळाला, म्हणजे पुढच्या हंगामाला दुसऱ्या लीगमध्ये घसरण. सगळ्यात जास्त लागलं ते हरण्याची पद्धत बघून. पहिला अर्धा तास जीव तोडून पळायच्या, मागची फळी गच्च आवळून धरायच्या. मग समोरून ताज्या दमाच्या बदली खेळाडू उतरायच्या. पाय जड झालेली आपली डिफेंडर अर्धं पाऊल उशिरा पोचायची. तेवढं अर्धं पाऊल पुरे. पुरुषांच्या मोठ्या क्लबांचा पैसा, डॉक्टर, सरावाची मैदानं समोरच्या पोरींच्या पाठीशी असतात. एफएफसी फ्रँकफुर्ट या महिलांच्या क्लबने सात वेळा लीग जिंकली होती, तोही २०२० मध्ये तिथल्याच आइनट्राख्ट या मोठ्या क्लबात विलीन झाला. टुर्बिने खाली गेल्यावर पहिल्या लीगमध्ये महिलांचाच म्हणून वाढलेला जुना क्लब उरला तो एसजीएस एसेन.

पैसा आला याचा मला राग नाही. १ मे ला कोलोनला जर्मन कपची फायनल पाहिली. बायर्नने वेर्डर ब्रेमेनला ४-२ हरवलं आणि लीगसोबत कपही नेला, त्यांची ही पहिलीच दुहेरी. लहान मुली बापाच्या खांद्यावर, गालांवर रंग, खेळाडूंची नावं पाठ. असं स्टेडियम माझ्या लहानपणी मला हवं होतं. पण ज्यांनी रिकाम्या स्टँडसमोर हा खेळ जगवला त्यांच्यासाठी या पंगतीत एक पाट हवा होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

कार्लीतल्या माझ्या शेवटच्या मॅचला शिट्टी झाल्यावर कुणी जागचं हललं नाही. खेळाडू कुंपणाशी आल्या. एकीचा चेहरा रडून लाल झाला होता. बाईंनी कुंपणावरून हात घालून तिच्या घामेजल्या केसांवरून फिरवला, काही बोलल्या नाहीत.

पुढच्या हंगामापासून बर्लिनच्या उनियोन क्लबचा महिला संघ पहिल्या लीगमध्ये आला. मैदान माझ्या घरापासून जवळ. मी बाईंना तसं सांगितलं. त्या थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, “दुसऱ्या लीगच्या मॅचेसही रविवारीच असतात बहुधा. कॉफी दोघींची आणू ना?”

“आणा,” म्हटलं.