आईचे केस

ठाणे, गुरुवार, रात्री अकरा

आईला घरी आणून आज आठ दिवस झाले. जेवताना तिने हळूच विचारलं, "तू तो फोटो टाकलास ना, तेव्हा माझे केस विंचरलेले होते का गं?"

मला उत्तर देता येईना.

ऑपरेशनला आत नेण्याआधी मी तो फोटो काढला होता. अंगात हिरवा गाऊन, हाताला सलाईनची सुई, कपाळ मोकळं. 'आईसाठी प्रार्थना करा' असं लिहून स्टेटसला टाकला, तिला न विचारता. तिला ते कळलं खालच्या काकू भेटायला आल्या तेव्हा. "फोटोत फारच उतरलेल्या दिसत होतात हो." घंटाळीच्या देवळात जायचं तरी माझी आई दोनदा आरशात बघते. टिकलीशिवाय ती घरातल्यांनासुद्धा दिसत नाही, आणि मी तिला दोनशे जणांना दाखवून मोकळी झाले. स्टेटस चोवीस तासांनी जातं म्हणून मला ते किरकोळ वाटलं होतं. काकूंच्या डोळ्यांसमोरून ते गेलेलं नाही.

का टाकला असेन? संध्याकाळी तलावपाळीवर बसून हाच विचार करत होते. थिएटरबाहेर मी एकटी होते, दादा पुण्याहून निघाला होता. मावशीला फोन लावला असता तर पहिल्याच शब्दाला रडू फुटलं असतं, आणि मग तीही रडली असती. स्टेटसला रडू ऐकू येत नाही. किती जणांनी पाहिलं, हे मी दर दोन मिनिटांनी बघत होते. हात जोडलेले दिसले की धीर यायचा, खरंच यायचा.

2012 साली हार्वर्डच्या डायना तमिर आणि जेसन मिचेल यांच्या प्रयोगांत असं दिसलं होतं, की स्वतःबद्दल सांगायला मिळावं म्हणून माणसं थोडे पैसेही सोडायला तयार होतात. सांगताना मेंदूतले बक्षीस मिळाल्यावर सुखावणारे भाग जागे होतात. म्हणजे ही भूक आहे. जो सतत पोस्ट टाकतो त्याला उथळ म्हणणं मला पटत नाही. आधीही आपण सांगतच होतो की. लोकलच्या लेडीज डब्यात मी काय काय सांगितलंय! पण तिथे समोर चेहरा असायचा. ऐकणारीचे डोळे पाहून आपण आवरतं घ्यायचो, अनोळखी बाई शेजारी येऊन बसली की विषय बदलायचो. फोनमध्ये सासरचे, ऑफिसातले, शाळेतले, गॅसवाला, सगळे एकाच खोलीत, आणि चेहरा एकाचाही दिसत नाही.

मघाशी मावशीला फोन लावला. आधी ती रागावली. सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन तिलाही स्टेटसवरूनच कळलं होतं. मग बराच वेळ आम्ही दोघी रडलो.

आतून आईने विचारलं, "एवढ्या रात्री कोणाशी बोलतेस गं?"

मी फोन तिच्याकडे दिला.