नखाच्या वर औषध, नखाच्या खाली बुरशी

मागच्या वर्षी पावसाळ्यात धरमपेठहून सीताबर्डीला भिजलेल्या बुटांनी रोज ये-जा करताना माझ्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. त्या बऱ्या झाल्या आणि मी विसरून गेले. दिवाळीच्या सुमारास उजव्या अंगठ्याचे नख एका कडेने पिवळे आणि जाड झालेले दिसले. कापले की खालून पांढरट भुगा पडायचा.

घरात जखमेसाठी आणलेले पोव्हिडोन आयोडीन होते. ते बुरशीही मारते हे वाचले असल्यामुळे तीन महिने रोज रात्री कापसाच्या बोळ्याने लावत राहिले. नख तपकिरी झाले आणि त्या डागाखाली पिवळेपणा किती पसरला हेही कळेनासे झाले. एकदा तर आंघोळीच्या पाण्यात टाकायचे जंतुनाशक पाणी न मिसळताच लावले, तेव्हा कडेची कातडी भाजल्यासारखी सोलली गेली.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे, म्हणून घट्ट आणि टणक असते. बुरशी त्याच्या खालच्या गादीत वाढते आणि साधे जंतुनाशक वरच्या थरापलीकडे फारसे उतरत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. त्यांनी नखाखालचा भुगा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ही तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण सोरायसिस या त्वचारोगामुळे किंवा घट्ट बुटांच्या दाबामुळेही नख असेच दिसते आणि अशा नखाला बुरशीचे कोणतेच औषध लागू पडत नाही.

मला 5 टक्के अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचे, नेलपॉलिशसारखे नखांना लावायचे लॅकर मिळाले. आठवड्यातून एकदा नख कानशीने घासून, पुसून ते लावायचे. रोग नखाच्या मुळापर्यंत गेला असता तर टर्बिनाफिनच्या 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या साधारण 12 आठवडे घ्याव्या लागल्या असत्या, आणि त्यासाठी आधी यकृताची रक्ततपासणी. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या नखावर मात्र मी घरचा एकही प्रयोग करणार नाही, कारण त्यांच्या पायाची लहानशी जखमही चिघळू शकते.

पायाचे नख पूर्ण नवे यायला 12 ते 18 महिने लागतात. आठ महिन्यांत मुळाकडून अर्ध्याहून थोडे जास्त नख गुलाबी आले आहे. कानस फक्त त्याच अंगठ्यासाठी वेगळी ठेवली आहे आणि बूट दर रविवारी गच्चीवर उन्हात पालथे घालते.