घुंगरं, गव्हाण आणि पोस्त

शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं गेलं, तेव्हा छड्या, सहली आणि डबे यांवर बाकीचे लिहितीलच असं धरून मी एकच विषय उचलला: डिसेंबरातले इंग्रजीचे तास. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. सहामाही दिवाळीआधी उरकलेली असायची आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे वर्ग निम्मा रिकामा. त्या तासांना नाताळची इंग्रजी गाणी चालत. पुढे मीही इंग्रजीच शिकवलं. आताच्या शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून गाण्यांतून इंग्रजी शिकवायची ती पद्धत आणि तिच्यातल्या खाचखळग्यांबद्दल लिहितो.

गाणं आधी गायचं नाही, हा पहिला नियम. दोनदा नुसतं ऐकायचं, वही बंद. तिसऱ्यांदा कानाला जे लागेल ते देवनागरीत उतरवायचं, चुकलं तरी खोडायचं नाही. मग फळ्यावर छापील ओळी येतात. वहीतलं आणि फळ्यावरचं जिथे जुळत नाही, तो त्या दिवसाचा धडा. पस्तीस मिनिटांत एक कडवं आणि सहा ते आठ शब्द, त्याहून जास्त नाही. शब्दांचे तीन रकाने करायचे: वस्तू, क्रिया आणि 'गाण्यापुरते'. 'टिज', 'यॉन', 'ये' असले जुने शब्द तिसऱ्या रकान्यात जातात. ते ओळखायचे, पण निबंधात वापरायचे नाहीत.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं वाया जातं. शब्द चालीतून सोडवून घ्यावा लागतो. 'सात आठे?' विचारल्यावर मनातल्या मनात सातचा पाढा पहिल्यापासून म्हणणारं मूल असतं ना, तसं गाण्यातही होतं. चार कडवी घडाघडा गाणाऱ्याला 'स्ले म्हणजे काय?' विचारा, तो आधी गुणगुणत त्या ओळीपर्यंत पोचतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, चाल न लावता, प्रत्येक शब्द एका साध्या वाक्यात बोलून घ्यायचा. वाक्य गाण्यातलं नको.

आता 'जिंगल बेल्स'. जेम्स पियरपॉन्टचं हे गाणं १८५७ साली बॉस्टनमध्ये 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने छापलं गेलं आणि १८५९ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. सगळं गाणं चाळलं तरी त्यात ख्रिसमस हा शब्द नाही! गाणं आहे ते बर्फावरच्या गाडीतल्या सफरीचं. स्ले ही बिनचाकाची, पट्ट्यांवर घसरत जाणारी घोडागाडी. बर्फावर तिचा आवाज होत नाही, म्हणून वाटेतल्या माणसाला चाहूल लागावी यासाठी घोड्याला बेल्स बांधत. या बेल्स देवळातल्या घंटेसारख्या नसतात. गोल, चीर पडलेल्या, आत खडा खुळखुळणाऱ्या. म्हणजे आपली घुंगरंच. बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ पाहिलेल्या मुलाला जिंगल हा शब्द वेगळा समजावावा लागत नाही. पण 'जिंगल नावाच्या घंटा' असा अर्थ वहीत हमखास सापडतो. 'जिंगल ऑल द वे' ही पुढची ओळ दाखवायची: वाटभर वाजत राहा. क्रियापद आहे.

याच गाण्यात सोन्यासारखी एक ओळ आहे, 'व्हॉट फन इट इज टू राइड'. फनच्या आधी 'अ' नाही, कारण फन मोजता येत नाही. आपल्याकडे भले भले 'व्हॉट अ फन' म्हणतात. ही ओळ पक्की बसली की ती चूक जन्मभर होत नाही. उलट 'बेल्स ऑन बॉबटेल रिंग' या ओळीपासून सावध राहावं. बॉबटेल म्हणजे आखूड केलेली शेपटी, बॉब नावाचा कुणी नव्हे. इथे यमकासाठी क्रियापद शेवटी गेलंय. मराठी कानाला ते इतकं घरचं वाटतं, की मुलं सरळ निबंधातही क्रियापद शेवटी टाकतात. तेव्हा ती ओळ फळ्यावर गद्यात फिरवून लिहायची.

उच्चारांत तीन जागा नडतात. मेरीचं मॅरी होतं, आणि शुभेच्छांमध्ये लग्न शिरतं. होली म्हणजे पवित्र, त्यात एल एक. हॉली हे काटेरी पानांचं, लाल फळांचं सदाहरित झुडूप, त्यात एल दोन. मुलं दोन्ही होळीच्या जवळ नेऊन ठेवतात. तिसरी जागा मुक्या टीची. ख्रिसमस, लिसन, व्हिसल, ग्लिसन, मिसलटो, या सगळ्यांत एसनंतर टी लिहायचा आणि बोलायचा नाही. आपण ख्रिसमस बरोबर बोलतो, म्हणूनच स्पेलिंगमधून टी गळतो. पाचही शब्द एकाखाली एक लिहिले की नियम मुलंच सांगतात. मिसलटोचा अर्थ विचारला की उत्तर द्यायचं, बांडगूळ. दुसऱ्या झाडावर वाढणारं, तिकडे घरात टांगतात आणि त्याखाली चुंबन घ्यायची रीत आहे. इथे वर्गात खसखस पिकते. पिकू द्यावी, शब्द विसरला जात नाही.

गावातल्या मुलांना एक गाणं शहरातल्या मुलांपेक्षा सोपं जातं: 'अवे इन अ मेंजर'. मेंजरला मराठीत नेमका शब्द आहे, गव्हाण. मराठी बायबलमध्येही बाळ येशू गव्हाणीतच निजतो. कोशात बघून 'गुरांना चारा घालण्याचे लांबट भांडे' असं लिहून देणाऱ्याने गोठा पाहिलेला नसतो. याच गाण्यात गुरं 'लोइंग' करतात. हा लो म्हणजे खालचा नव्हे. लोइंग म्हणजे हंबरणं. क्रिब म्हणजे बाळाचा पलंग, आणि नाताळात घराघरांतून मांडतात तो जन्माचा देखावाही. गोव्यात त्याला गोठाच म्हणतात. नाताळ हा आपला शब्दही पोर्तुगिजांच्या 'नाताल'वरून आलेला, हे तिथेच सांगून टाकावं.

'सायलेंट नाइट' ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावचं, १८१८ सालचं. शब्द योझेफ मोरचे, चाल फ्रान्झ ग्रुबरची, मूळ भाषा जर्मन. त्यात एकच खड्डा आहे. ओळ 'राउंड'ने सुरू होते आणि मुलं 'गोल' लिहितात. आधीच्या ओळीला जोडून वाचलं की कळतं, हा राउंड म्हणजे भोवती. श्वास घ्यायची जागा आणि वाक्य संपायची जागा एक नसते.

वेळ असेल तर सगळ्यात जास्त तास 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस'ला द्यावेत. भोंडल्यात 'एक लिंबू झेलू बाई' म्हणताना आकडा वाढत जातो, तसं इथेही रोज एक भेट वाढते, फक्त आधीच्या सगळ्या भेटी पुन्हा मोजाव्या लागतात. त्यामुळे फर्स्टपासून ट्वेल्फ्थपर्यंतचे क्रमवाचक आपोआप घोटले जातात. स्पेलिंगची तीन ठिकाणं आधीच रंगीत खडूने दाखवावीत: एट्थमध्ये टी एकच, नाइन्थमधला ई जातो, ट्वेल्फ्थमध्ये व्हीचा एफ होतो. जिभेवर 'ट्वेल्थ' येतं. ट्वेल्फ आणि थ असं तोडून म्हणून मग जोडावं. पक्ष्यांकडेही लक्ष हवं. पार्ट्रिज म्हणजे तितर. टर्टल डव्ह म्हणजे होला. कासवाशी त्याचा संबंध नाही, तरी चित्र काढायला सांगितलं की निम्म्या वह्यांत पाठीवर कवच असलेलं कबूतर येतं. चौथ्या दिवशीचे 'कॉलिंग बर्ड्स' १७८० च्या लंडनच्या छापील प्रतीत 'कॉली बर्ड्स' होते, म्हणजे कोळशासारखे काळे. १९०९ मध्ये फ्रेडरिक ऑस्टिनने चाल बांधली, त्यात त्यांचं कॉलिंग झालं. मेड्स 'मिल्किंग' करतात, म्हणजे धार काढतात. दूध पीत नाहीत. गणिताच्या शिक्षकांनाही यात ओढता येतं. बारा दिवसांच्या सगळ्या भेटींची बेरीज ३६४ भरते. एक गुणिले बारा, दोन गुणिले अकरा असं मांडलं की सातवीतलं मूलही काढतं.

शेवटी शुभेच्छापत्र लिहून घ्यायचं, कारण शब्द जागेवर बसले की नाहीत ते तिथे कळतं. 'ॲट ख्रिसमस' म्हणजे नाताळच्या दिवसांत, 'ऑन ख्रिसमस डे' म्हणजे २५ तारखेला, आणि ईव्ह म्हणजे आदला दिवस, २४. मेरी हे विशेषण वाढदिवसाला लावत नाहीत. अमेरिकेतलं 'हॅपी हॉलिडेज' म्हणजे सुट्टी लागल्याचा आनंद नव्हे, तर नाताळ ते नववर्ष या सणांच्या दिवसांसाठीच्या शुभेच्छा. मुळात हॉलिडे हा शब्दच होली डेवरून आला. एक्समस लिहिलं तर तो एक्स फुली नव्हे, ख्रिस्त या ग्रीक नावाचं पहिलं अक्षर आहे, आणि वाचताना ख्रिसमसच वाचावं.

एक शब्द मुलं स्वतःहून आणतात, बॉक्सिंग डे. मेलबर्नची कसोटी त्या दिवशी, २६ डिसेंबरला सुरू होते, म्हणून क्रिकेटवाल्यांना तो ठाऊक असतो आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ठोसे येतात. 'गुड किंग वेन्सेस्लस' या नाताळच्या गाण्यातला 'फीस्ट ऑफ स्टीफन' तोच दिवस. इंग्लंडात पोस्टमन, नोकरचाकर, दुकानातली पोरं यांना नाताळची बक्षिसी देत, तिला ख्रिसमस बॉक्स म्हणत. आपल्याकडे दिवाळीत पोस्टमन दारात येऊन उभा राहतो तो ज्यासाठी, तीच ही पोस्त.