परवडतं का हो?

नव्या पुस्तकाचा कार्यक्रम संपला, चहा आला, की कुणीतरी जवळ येऊन हळू आवाजात विचारतंच, "मॅडम, एवढं हिंडता, परवडतं का हो?" आतापर्यंत मी हसून वेळ मारून नेत होते. पण आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून वहीच उघडते. सत्तावीस वर्षं बँकेत काढलीत, हिशोब लपवायची सवय नाही.

पुस्तक नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवरचं. किंमत 320 रुपये, आवृत्ती हजार प्रतींची. लेखकाला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 32 रुपये, तेही प्रत खपल्यावर आणि वर्षअखेरीला. कार्यक्रमांसाठी मी स्वतः प्रती उचलते. प्रकाशक मला चाळीस टक्के सूट देतात, मी पुढे वीस टक्के देते, हातात राहतात 64 रुपये. या प्रतींवर रॉयल्टी नाही. चार महिन्यांत नऊ गावं झाली. 286 प्रती गेल्या, त्याचे 18,304. मानधनाची पाकिटं सगळी मिळून 14,000. गाडीभाडं, लॉज, रिक्षा, हमाली असा खर्च 41,000. पावणेनऊ हजार पदरचे गेले. शिवाय अकरा शाली जमल्या. आमचे हे म्हणतात, "पुस्तकाऐवजी शालींचं दुकान टाक."

प्रचार प्रकाशकाने करायचा असतो, हे मलाही माहीत आहे. त्यांनी प्रकाशन समारंभ केला, पुण्यात. सभागृह भरलेलं, प्रमुख पाहुणे नामवंत. ते पन्नास मिनिटं बोलले, त्यातली चाळीस स्वतःच्या लहानपणीच्या आगगाडीवर. नऊ प्रती खपल्या. पुण्याबद्दल राग नाही. श्रोते चांगले होते, प्रश्नही नेमके होते. पण पुस्तक कुणी उघडून पाहत नव्हतं.

कुर्डुवाडीला मात्र उलटं घडलं. चाळीस प्रतींचा गठ्ठा, चौदा किलो, मी स्वतः उचलून नेला. वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल मांडलं आणि बोलायला उभी राहायच्या आधीच माणसं पुस्तक शेवटच्या पानांकडून उघडू लागली. मला कळेना, शेवटून का? एका बाईंनी विचारलं, "ताई, आमचं मोडनिंब कुठल्या पानावर?" गावांची सूची शोधत होते सगळे, आणि सूची मी केलीच नव्हती. फर्म्यात, म्हणजे छपाईच्या सोळा पानी तावात, पानं बसत नव्हती म्हणून प्रकाशकांनी गाळायला सांगितली आणि मी मान डोलावली होती. मग मीच टेबलाशी बसून पानं काढून देत राहिले. चाळीसच्या चाळीस गेल्या. अकरा जणांनी नावं लिहून पैसे आगाऊ दिले.

बार्शी लाईट रेल्वे 1897 साली सुरू झाली, कुर्डुवाडी ते बार्शी. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. पुढे एक फाटा पंढरपूरवरून मिरजेला गेला, दुसरा लातूरला. हे सगळं मी कंपनीच्या कागदांवरून लिहिलं होतं. तिथल्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसत सांगितलं, "पुस्तक छान आहे. पण बॉयलरच्या नळ्या बदलणाऱ्याला तुम्ही फिटर म्हटलंय. फिटर वेगळा. तो आमच्यासमोर बसून चहासुद्धा पीत नसे." आता हे कुठल्या वार्षिक अहवालात असणार?

मूर्तिजापूरला पार्सल कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी पोचलं. टेबलावर मी, पाण्याची बाटली आणि माझी स्वतःची खुणा केलेली एक प्रत. लोक त्या एका प्रतीवर वाकून दारव्हा, कारंजा, अचलपूर शोधत होते. कापूस वाहण्यासाठी घातलेली ही लाईन, नाव शकुंतला. वाफेचं इंजिन तिथे 1994 पर्यंत चाललं. नावं लिहून घेतली आणि प्रती पोस्टाने पाठवल्या. टपालखर्चात नफा संपला. तो हिशोब वर धरलेला नाही, उगाच आकडा वाढतो.

बडोद्यात श्रोत्यांना आधीच खूप माहीत होतं. 1862 मध्ये डभोई ते मियागाम गाडी बैलांनी ओढली जायची, कारण रूळ इंजिनाचं वजन पेलणारे नव्हते. एका आजोबांनी विचारलं, "बैल कुणाचे? संस्थानचे की कंत्राटदाराचे?" मला उत्तर देता आलं नाही. बावीस प्रती गेल्या.

ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. तिथली गाडी अडीच फुटांहूनही अरुंद, दोन फुटी, श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर जायची. 2020 मध्ये बंद पडली. तिथल्या मराठी घरांतली तिसरी-चौथी पिढी समोर बसलेली. देवनागरी येते म्हणून मराठी वाचता येतं, पण हिंदीच्या चालीने, अडखळत. "हिंदी में कब आएगी?" हा प्रश्न तीनदा आला. आणि चांदीच्या गाडीचा प्रश्न तर हमखास. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून चांदीची छोटी गाडी पाहुण्यांपुढे दारू आणि सिगार घेऊन फिरायची, ती मी पाहिली का? हा प्रश्न मला पुण्यातही आला, बडोद्यातही आला. मी 264 पानं खडी, स्लीपर आणि भाडेदरांवर लिहिली, चांदीच्या गाडीवर चार ओळी. यापुढे भाषणाची सुरुवात तिच्यापासूनच करीन म्हणते, म्हणजे निदान मधे कुणी हात वर करणार नाही.

पीडीएफ मागणारेही भेटतात. "मॅडम, पीडीएफ असली तर ग्रुपवर टाकू, प्रसार होईल." पूर्वी चिडायचे. आता किंमत सांगते आणि स्कॅनर पुढे करते.

तर उत्तर असं की परवडत नाही. पण कुठे खपतं हे कळलं. मी लिहिलं रेल्वेवर, घेणाऱ्याने घेतलं स्वतःच्या गावासाठी. ज्याचं गाव त्यात नाही, त्याने चाळून शांतपणे खाली ठेवलं. सांगोल्याला एक शिक्षक आले होते. त्यांनी पुस्तक दोनदा उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "जत रोड नाही?" नव्हतंच. जत गाव स्टेशनपासून लांब, म्हणून मी ते स्टेशन एका ओळीतही घेतलं नव्हतं. "बरं," म्हणाले आणि पुस्तक ठेवून गेले.

दुसऱ्या आवृत्तीला गावांची सूची घातली आहे. अर्धा फर्मा वाढला, किंमत 340 झाली. प्रकाशकांनी विचारलं, आठ पानांसाठी वीस रुपये वाढवायचे? म्हटलं, वाढवा. जत रोड 131 पानावर आहे, एक परिच्छेद.